बेड सातचा दिवा

१

“वैजू, हे फाईलीत घाल, पण फाईलीत ठेवू नकोस. सभेत उभी राहा आणि वाच. मोठ्याने वाच हो. तुझा आवाज म्हणजे पिंजलेला कापूस.”

एलिशेबा किहीमकर यांचा तो घोगरा आवाज चार आठवडे झाले तरी वैजयंतीबाई कारखानिसांच्या कानातून जात नव्हता. ऑक्टोबरातला एकोणीस तारखेचा शुक्रवार. कॉव्हेंट्रीचं ॲश हिल हॉस्पिटल, नऊ नंबरचा वॉर्ड, खिडकीजवळचा बेड सात. म्हातारीने चिकटवलेलं पाकीट हातात दिलं, “आत्ता उघडायचं नाही,” म्हणाली आणि वचन घेतल्याशिवाय मनगट सोडलं नाही. वैजयंतीबाईंनी वचन दिलं. चौथ्या दिवशी, मंगळवारी पहाटे, एलिशेबामावशी गेल्या. आणखी दहा दिवसांनी वॉर्डही गेला. उरलेल्या अकरा म्हाताऱ्या चार ठिकाणी वाटल्या गेल्या आणि दाराला कुलूप लागलं.

आज, पंधरा नोव्हेंबर १९९०, गुरुवारी सकाळी वैजयंतीबाईंनी पेशंट कमिटीचं कपाट उघडलं, तर निळी फाईल जागेवर नव्हती.

ती साधी फाईल नव्हती. ॲश हिलने सरकारी आरोग्य खात्यापासून वेगळं व्हायचं आणि आपला कारभार आपण बघायचा, ‘ट्रस्ट’ व्हायचं, असा घाट वरून घातला गेला होता. त्यावर पेशंटांचं म्हणणं काय, ते कमिटीने तीस नोव्हेंबरला संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं. चारशे बारा पत्रं आली होती. मावशींचं चिकटवलेलं पाकीट त्यांच्यातच होतं.

फाईल नव्हती, पण तिची जागा रिकामीही नव्हती. तिथे एक पिवळं कार्ड उभं होतं. कोरं.

वैजयंतीबाईंनी ते लगेच हातात घेतलं नाही. नुसतं बघत राहिल्या. कुणी तरी आत जाऊन बसावं आणि दाराबाहेर चपला काढून ठेवाव्यात, तसं ते कार्ड त्यांना दिसलं.

“काकू, काय झाला?” दारातून उदयने विचारलं.

उदय प्रधान एकतीस वर्षांचा. कॉव्हेंट्रीतच जन्मलेला, विरोधी पक्षाचा कौन्सिलर आणि कमिटीचा उपाध्यक्ष. ट्रस्टविरुद्धच्या लढ्याचा सेनापती तोच. भाषण देऊ लागला की लोक सँडविच खायचे थांबत. मराठी मात्र तो शनिवारच्या वर्गात शिकला होता, त्यामुळे त्याच्या मराठीत जगातल्या बहुतेक वस्तू पुरुष होत्या.

“फाईल गेली,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

उदय कपाटापर्यंत आला, आत डोकावला आणि शीळ घातली. “हे मॅनेजमेंटचा काम आहे. चारशे पत्रं त्यांना नको होते. मिनिट्समध्ये लिहून ठेवा, काकू. मी आजच पेपरला फोन करतो.”

“आधी शोधू या की.”

“कुठे शोधणार? तुमच्या रेकॉर्ड्समध्ये दोन समर धूळ खाल्लाय मी, मला विचारा. ह्या हॉस्पिटलमध्ये हरवलेला कागद फक्त मेलेल्या माणसाला सापडतो.”

तो हसला. वैजयंतीबाई हसल्या नाहीत.

२

वैजयंतीबाईंनी बावीस वर्षं त्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढली होती. निवृत्त झाल्यावर कमिटीची चिटणिशी गळ्यात पडली, कारण दुसऱ्या कुणाला सभेचा वृत्तांत लिहायचा नव्हता. बाई अशा हळू बोलत की फोनवर लोकांना लाईन तुटल्यासारखी वाटे. यजमान विष्णुपंत गेल्यापासून, एकोणीस वर्षं, त्यांचा एक नेम होता. सूर्य मावळला की देवापुढे दिवा आणि त्यानंतर पाव तास मौन. बाहेर असल्या तर दिवा मनातल्या मनात, पण मौन चुकायचं नाही. जूनमध्ये हा दिवा साडेनऊला लागे, डिसेंबरात चारच्या आत. “कारखानीसकाकूंचं घड्याळ आभाळात असतं,” अशी मराठी मंडळात त्यांची थट्टा चाले.

त्या पहिल्यांदा गेल्या शशिकांत रेग्यांकडे. रेगे हॉस्पिटलचे दुसऱ्या नंबरचे मॅनेजर, टायला कायम सोन्याची पिन. ट्रस्टचा अर्ज त्यांनीच लिहिला होता, म्हणून गावाचा संशय पहिल्यांदा त्यांच्यावर जाणार हे ठरलेलं.

“या वैजयंतीबाई. झडती घ्यायला आलात? ड्रॉवर उघडे आहेत. एकात बिस्किटं आहेत, तेवढी खाऊ नका, मिसेसना मोजून माहीत आहेत.”

“अहो, मी एवढंच विचारायला आले. फाईल मिळालीच नाही तर काय होईल?”

रेग्यांनी पेन खाली ठेवलं. “हा प्रश्न तुम्हीच पहिल्यांदा विचारलात. बाकी सगळे मला चोर म्हणून मोकळे झाले. ऐका. पत्रं नाहीत म्हणजे पेशंटांना विचारलंच नाही. म्हणजे माझा अर्ज परत. पुन्हा नोटिसा, पुन्हा दोन महिने, म्हणजे एप्रिलची पहिली बॅच हुकली. मग निवडणुकीचं वारं. पत्रं माझ्या विरुद्ध असली तरी चालतील, बाई. विरोध असूनही सरकार हो म्हणू शकतं. पण पत्रं नसली तर कुणीच काही म्हणू शकत नाही.”

“म्हणजे फाईल तुम्हालाच हवी आहे.”

“देवाला नारळ ठेवायला तयार आहे मी. तुमच्याच देवाला.” ते पुढे वाकले. “आणि जागेवर कोरं पिवळं कार्ड होतं म्हणे, ते काय? भुताचं व्हिजिटिंग कार्ड?”

वैजयंतीबाई उठल्या. “नऊ नंबरच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत हो?”

“वॉर्डचा इथे काय संबंध?”

“मावशींचं पत्र होतं त्यात. सहज विचारलं.”

रेग्यांनी किल्ल्यांची वही काढली. तीन किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, एक वॉर्डच्या जुन्या सिस्टरकडे, म्हणजे अलका साने यांच्याकडे, सामानाची यादी संपेपर्यंत. तिसरी कमिटीकडे, पाहणीसाठी.

वही मिटताना ते सहज म्हणाले, “बंद वॉर्डाचं कसलं आलंय, बाई. तिथे आता कुणी श्वासही घेत नाही.”

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, त्या वॉर्डात दिवा लागला.

३

अलकाने तो पाहिला. शनिवारी सकाळी ती वैजयंतीबाईंच्या स्वयंपाकघरात चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. वीस वर्षं मढी हाताळलेली बाई, पण चहा तसाच निवत होता.

“ताई, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. बससाठी अंगणातून चालले होते. पावणेसहाची बस, म्हणून घड्याळ बघितलं, पाच चाळीस झालेले. वर नजर गेली, तर नऊ नंबरच्या काळ्या खिडकीत लाल ठिपका. बेड सातवरचा.”

“दोरीचा दिवा?”

“तोच. मावशींचा.”

याला एक इतिहास होता. एलिशेबाबाई अलिबागकडच्या, बेने इस्रायली यहुदी. बासष्ट साली कॉव्हेंट्रीत आल्या आणि मोटारींच्या कारखान्यात तेवीस वर्षं सीटा शिवल्या. दर शुक्रवारी त्यांना शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या व्रताचा, दिवा लावायचा असे. पण छातीच्या दुखण्याने ऑक्सिजन लावलेला, वॉर्डात काडी ओढायलाही मनाई. मग म्हातारीने युक्ती काढली. नर्सला बोलवायची जी दोरी बेडपाशी लोंबते, ती शुक्रवारी ओढायची. डोक्यावरचा लाल दिवा लागे. पुढे अलकाने मुलींना ताकीदच दिली, शुक्रवारी सातचा दिवा कुणी बंद करायचा नाही. तो हाक नाही, देव आहे.

“बल्ब खराब असेल, वायर तापली असेल,” वैजयंतीबाई म्हणाल्या. त्यांचा भुतांवर विश्वास नव्हता असं नाही, पण पाहुण्याला घरात घेण्याआधी नाव विचारावं, एवढं त्या मानत.

“दोरी ओढल्याशिवाय तो लागत नाही, ताई. आणि ओढणार कोण? मी नाही ओढली. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. किल्ली आहे माझ्याकडे, पण त्या दारातून मला आत जाववत नाही.” अलकाने नाक पुसलं आणि एकदम हसू आलं तिला. “काय नेमाची बाई होती. एकदा शुक्रवारचा दिवस मावळला की दोरीला हात लावायची नाही, म्हणजे नाही. बेडपॅन लागला तरी नाही. नुसती खोकायची. असं खोकायची की तिसऱ्या मजल्यावरचा डॉक्टर धावत यावा.”

वैजयंतीबाईंनी तिचा निवलेला चहा बदलून दिला.

“वॉर्ड वाचला असता, ताई,” अलका म्हणाली. “सप्टेंबरच्या सभेत विषय होता ना? सहावा. मी स्वतः मावशींना व्हीलचेअरमधून आणून मागे बसवलं होतं. मला ड्यूटीवर परत जावं लागलं. नंतर कळलं, विषय निघालाच नाही.”

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली. वृत्तांत त्यांच्याच अक्षरात होता. ‘कोरम न राहिल्याने सभा पाचव्या विषयावर तहकूब.’ नियम असा होता की पाच सभासद नसले तर सभा चालत नाही, आणि कमिटीने सप्टेंबरअखेर हरकत घेतली नाही तर वॉर्ड बंद. त्यांनी ते एक वाक्य सुवाच्य लिहिलं होतं. कोण उठून गेलं ते वृत्तांतात लिहायची पद्धत नव्हती.

“मावशी आल्या असतील का हो?” अलकाने हळूच विचारलं. “पत्र वाचलं नाही म्हणून?”

या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर पुढच्या शुक्रवारी तिथे उभं राहायला हवं होतं.

४

तेवीस नोव्हेंबर. मफलर, जाड कोट, पायात दोन जोड मोजे. वैजयंतीबाई साडेतीनपासून नऊ नंबरसमोरच्या जिन्यावर बसल्या होत्या. धुकं इतकं खाली आलं होतं की अंगणातली रुग्णवाहिका फक्त ऐकू येत होती. चारच्या सुमाराला उजेड गेला. त्यांनी डोळे मिटून आपला दिवा मनात लावला, पाव तास मौन पाळलं.

वॉर्ड अंधारातच होता.

साडेचार. पाच. दाराच्या काचेतून आत रिकाम्या पलंगांच्या दोन रांगा दिसत होत्या, गाद्या गुंडाळलेल्या. कुठे तरी एक पाईप ठराविक अंतराने टकटक करत होता. बाईंना वाटलं, कुणी तरी खोकतंय. त्यांनी तोंडाने नाम सुरू केलं.

वॉर्डाला दुसरं दार होतं, मागच्या लोखंडी जिन्याचं. त्याची आठवण त्यांना झाली तेव्हा उशीर झाला होता.

आत दिवा लागला.

आवाज नाही, पाऊल नाही. त्या लांबलचक काळोखात नुसता एक लाल ठिपका उमटला आणि त्याखालचा पलंग हळूहळू दिसू लागला. वैजयंतीबाई काचेला चिकटल्या. पलंगावर कुणी नव्हतं. पण दोरी हलत होती. मागे, पुढे. मागे, पुढे. जणू आताच कुणी हात सोडला.

त्या पळाल्या नाहीत. हाकही मारली नाही. त्यांनी मनगट कोटाबाहेर काढलं आणि त्या लाल उजेडात घड्याळ पाहिलं.

पाच वाजून चाळीस मिनिटं.

५

घरी येऊन त्यांनी देवापुढचा दिवा लावला. उशीर झाला होता, म्हणून क्षमा मागितली. समई पेटली आणि बाई तशाच हातातल्या काडीकडे बघत राहिल्या, बोटाला चटका बसेपर्यंत.

उशीर झाला होता.

मावशींनीही कधी उशीर केला नव्हता. त्यांचा दिवा सूर्य बुडायच्या आधी लागे. बुडाल्यावर हात लावायचा नाही; लावला तर व्रतच मोडलं. बेडपॅनसाठी खोकत राहणारी बाई मेल्यावर हा नेम मोडेल? गेलेली माणसं सगळं विसरत असतील, नेम विसरत नसतील. आज सूर्य चारला बुडाला. मावशी असत्या तर दिवा पावणेचारला लागला असता.

मग जो आला तो मावशी नव्हे. अलकाही नव्हे, तिने वर्षभर दर शुक्रवारी म्हातारीला खिडकीतला उजेड बघून दोरी ओढताना पाहिलं होतं. हा माणूस उजेड बघत नव्हता, घड्याळ बघत होता. दोन्ही शुक्रवारी पाच चाळीस. ही वेळ त्याला कुणी सांगितली?

वैजयंतीबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि ऑक्टोबरचं पान काढलं. एकोणीस तारीख, पाकीट दिलं तो दिवस. त्या दिवशीचा आपला दिवा त्यांना आठवला, सहाचे ठोके पडत होते. म्हणजे सूर्य सहाला बुडाला होता आणि मावशींनी दोरी ओढली असणार वीस मिनिटं आधी.

पाच चाळीस.

पुढे अठ्ठावीस ऑक्टोबरला सगळ्या देशाने घड्याळं तासभर मागे घेतली. मावशी त्याआधीच गेल्या होत्या. त्यांची वेळ जुन्या घड्याळातच अडकून राहिली, आणि ती लिहिलेली असू शकत होती एकाच ठिकाणी. चिकटवलेल्या पाकिटात. ज्याने पाकीट फोडलं तोच दोरी ओढत होता, आणि पाकीट होतं फाईलीत.

आता फक्त तो कोण. किल्ल्या तीन. अलका गेली. राहिले रेगे, ज्यांना फाईल हवी होती, आणि कमिटीची किल्ली बाळगणारा, मराठी पत्र वाचता येणारा आणखी एक जण.

त्यांनी पिवळं कार्ड पर्समधून काढून समईच्या उजेडात धरलं. रेकॉर्ड्समधला पहिला धडा. कागद काढलात तर जागी पिवळं कार्ड ठेवा, त्यावर नाव, तारीख. जागा रिकामी सोडायची नाही. वैजयंतीबाईंनी कित्येकांना हे शिकवलं होतं, हातावर पट्टी मारायचीच तेवढी बाकी ठेवली होती. रेग्यांनी जन्मात फाईल काढली नव्हती, ती त्यांच्या टेबलावर येत असे. अलका फोनवर मागवायची. चोरी करतानाही ज्याचा हात आपोआप कार्ड ठेवील, असा हात एकच होता. नाव लिहायच्या वेळी मात्र तो थांबला.

दोन समर धूळ खाल्लेला हात.

बाईंना आनंद झाला नाही. पोरगं त्यांच्या ओट्यावर बसून शेव खात मोठं झालं होतं.

६

सोमवारी दुपारी लायब्ररीच्या मागच्या खोलीत उदय लोकांच्या तक्रारी ऐकायला बसायचा. या देशात डॉक्टरच्या दवाखान्यासारखं त्यालाही ‘सर्जरी’च म्हणतात. शेवटचा माणूस गेला तेव्हा चारला दहा कमी होते. वैजयंतीबाई आत आल्या, खुर्ची ओढली आणि टेबलावर पिवळं कार्ड ठेवलं.

“काकू, मिळाला का काही?”

“उदय, मावशींचा दिवा पाच चाळीसला नाही लागत. थंडीत तो पावणेचारला लागतो.”

उदयचा चेहरा आधी काही समजलं नाही असा झाला. मग हळूहळू समजत गेला.

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. समोरच्या छपरामागे लालसर पट्टा विझत होता. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि ओठ बंद केले. उदयला हे लहानपणापासून माहीत होतं. आता पाव तास काकू बोलणार नाहीत.

“हे अनफेअर आहे,” तो म्हणाला. “ओरडा तरी.”

वैजयंतीबाई नुसत्या बघत राहिल्या.

“ओके. मी घेतला फाईल. नऊ नंबरच्या कपाटात आहे, सगळे पत्रं नीट आहेत. पुढच्या महिन्यात ‘सापडणार’ होता. त्यांच्या कुलपात, त्यांच्या बिल्डिंगमध्ये. मग पेपरात येणार, मॅनेजमेंटने पेशंटांची पत्रं दाबली. अर्ज रद्द. काकू, हे सगळे डावपेच तेही करतात. हॉस्पिटल वाचवायचा होता मला.” तो थांबला. “मला पाकीट उघडायचा नव्हता. वरच मराठी अक्षर दिसला. वाटलं, आपल्याच लोकांचा सपोर्ट असेल, भाषणात वापरता येईल.”

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून घडीवर घडी पडलेला कागद काढला. एवढे दिवस तो बरोबर घेऊन फिरत होता. मग, कुणी न सांगता, वाचायला लागला. बोट फिरवत, अडखळत. पण मावशींचं वाचताना त्याची लिंगं चुकत नव्हती. ती मावशींची होती.

“‘सभेतल्या सगळ्यांना एलिशेबा किहीमकर हिचा सलाम. ट्रस्ट चांगला की वाईट, मला कळत नाही. वाईटच असेल. पण सप्टेंबरात मी सभेत मागे बसले होते. माझा वॉर्ड सहावा होता. पाचव्याला भांडण झालं. आमच्या बाजूचा म्हणवणारा मुलगा मतं कमी पडतील म्हणून उठला, त्याच्यामागे दोघं उठले. कोरम मोडला म्हणाले. सहावा विषय कुणी काढला नाही. त्या मुलाने आमचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याने आमचं काहीच चिंतलं नव्हतं. मी जन्मभर सीटा शिवल्या. शिवण मध्येच सोडली की कापड तिथूनच फाटतं, मग सुई कुणाच्याही हातात असो. आता तुम्ही हो म्हणा की नको म्हणा, पण बसून म्हणा. उठून जाऊ नका.’”

त्याने कागद उलटला.

“‘ता. क. शुक्रवारी दिव्याला मी दोरी ओढते, सध्या पाच चाळीसला. मी नसले तर कुणी तरी ओढा. मला बरं वाटेल.’”

खोलीत रेडिएटर कुरकुरला.

“तेवढाच मला करता आला,” उदय म्हणाला. “दोरी ओढायचा. पहिल्यांदा मागच्या जिन्यावरून पळालो, काकू. वाटलं कुणी तरी ‘आता आलास’ म्हणालं.” त्याने तोंडावरून हात फिरवला आणि दुसऱ्याच आवाजात, सभेतल्या आवाजात, म्हणाला, “पण हे वाचलं तर आम्ही संपलो. रेगे हेच फ्रेम करून लावेल. आणि मी वाचू देणार नाही. शुक्रवारी मीटिंग साडेतीनला आहे. तुमचा आयटम पहिला, पण त्याच्या आधी मला बोलायचा हक्क आहे. चारच्या आत तुमचा मौन सुरू होतो. मला फक्त अर्धा तास बोलत राहायचं आहे. तुम्ही मौनातून बाहेर याल तेव्हा मत घेऊन झालेला असेल.”

बोलून झाल्यावर त्यालाच ते भयंकर वाटलं असावं. तो खाली बघू लागला. पाव तास पुरा व्हायला अजून बरीच मिनिटं होती. ती दोघांनी तशीच काढली. मग वैजयंतीबाईंनी पत्र उचललं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं.

“फाईल उद्या जागेवर ठेव. मी कुणाचं नाव घेणार नाही, मावशींनीही घेतलेलं नाही. तो वृत्तांत माझ्या हातचा आहे, हे मात्र मी सभेत सांगणार.” त्या उठल्या. “एकोणीस वर्षांत मौन मोडलं नाही रे. शुक्रवारी मोडावं लागलं, तर त्यातलं अर्धं पाप तुझं. तेवढं लक्षात ठेवून बोल.”

७

मंगळवारी निळी फाईल कपाटात होती. पिवळ्या कार्डाला काम उरलं नाही.

तीस नोव्हेंबरला सभेच्या खोलीत सहा सभासद, कोपऱ्यात रेगे, भिंतीला टेकून वीसेक माणसं. खोलीच्या खिडकीतून अंगणापलीकडे नऊ नंबरच्या काळ्या काचा दिसत. आभाळ आज निरभ्र होतं. सूर्य बॉयलरच्या चिमणीवर टेकला होता. वैजयंतीबाईंसमोर दोन कागद होते, एक मावशींचा आणि एक त्यांनी स्वतः केलेलं इंग्रजी. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम.

अध्यक्षबाईंनी सभा सुरू केली. तीन पस्तीसला त्या म्हणाल्या, चिटणिसांच्या वाचनाआधी उपाध्यक्षांना बोलायचं आहे.

उदय उभा राहिला. त्याच्या हातात कागदांचा चांगला बोटभर जाड गठ्ठा होता. रेग्यांनी तो पाहिला आणि घड्याळाकडे पाहून हताश मान हलवली. मागच्या रांगेतले उदयचे दोघे साथीदार, सप्टेंबरात त्याच्यामागे उठलेले तेच, आरामात मागे रेलले.

उदयने घसा साफ केला. त्याची नजर टेबलावरून खिडकीबाहेर गेली आणि तिथेच थांबली. वैजयंतीबाईंनीही मान वळवली.

नऊ नंबरच्या काचेत, अजून उन्हाचा पिवळा अंश असताना, एक लाल ठिपका उमटला होता.

मग ठिपक्याशेजारी पांढरी टोपी दिसली. अलका. दाराशी जाऊनही जिला आत जाववत नव्हतं ती अलका. सकाळी तिने बाईंना फोन करून सांगितलं होतं की उदयने स्वतःचीही किल्ली तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “सिस्टर, आज वेळ चुकवू नका. पावणेचारच्या आत.” का, ते मात्र त्याने सांगितलं नव्हतं.

“मिस्टर प्रधान?” अध्यक्षबाई म्हणाल्या. “आम्ही ऐकतो आहोत.”

उदयने गठ्ठा पालथा टेबलावर ठेवला. आपल्याला काही बोलायचं नाही, असं तो इंग्रजीत म्हणाला. मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. त्याने मागे वळून त्या दोघांना हाताने खाली बसा अशी खूण केली आणि स्वतः बसला. पाण्याचा पेला वैजयंतीबाईंकडे सरकवत तो हळूच, फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“वाचा, काकू. मोठ्याने.”

चिमणीमागे सूर्य अजून चार बोटं वर होता. वैजयंतीबाईंनी चष्मा पदराने पुसला, कागदाची घडी उलगडली आणि त्या उभ्या राहिल्या.